पासपोर्ट फ्रँकफर्टला, बॅग रोमला: युरोपात विमान बदलताना काय होतं

मुंबईहून रोमला जायचंय आणि मध्ये फ्रँकफर्टला विमान बदलायचंय. तिकीट हातात आलं की घरात प्रश्न सुरू होतात. बॅगा फ्रँकफर्टला उतरवून घ्यायच्या का? पासपोर्ट तिथे दाखवायचा की रोमला? व्हिसा तर इटलीचा आहे, मग जर्मनीत अडवणार नाहीत ना? आणि कस्टम्स कुठे?

हा गोंधळ होणं साहजिक आहे, कारण आपली सवय वेगळी आहे. परदेशातून दिल्लीला उतरून पुढे देशांतर्गत विमानाने पुण्याला यायचं असेल, तर साधारणपणे दिल्लीलाच इमिग्रेशन होतं, तिथेच पट्ट्यावरून बॅग घ्यावी लागते, कस्टम्समधून बाहेर पडावं लागतं आणि बॅग पुन्हा काउंटरवर द्यावी लागते. अमेरिकेतही बहुतेक ठिकाणी तसंच. म्हणजे माणूस आणि सामान देशात एकाच जागी शिरतात. युरोपात मात्र माणूस पहिल्या विमानतळावर आत शिरतो आणि त्याची मोठी बॅग शेवटच्या विमानतळावर. एवढं पक्कं लक्षात ठेवलं तर बहुतेक प्रश्नांची उत्तरं तुमची तुम्हालाच काढता येतील.

याचं कारण असं की युरोपात सीमांचे दोन वेगळे नकाशे आहेत. एक माणसांचा, म्हणजे शेंगेन. लक्झेंबर्गमधल्या शेंगेन गावी 14 जून 1985 रोजी पाच देशांनी करार केला आणि मार्च 1995 मध्ये सात देशांमधली पासपोर्ट तपासणी प्रत्यक्षात उठली. आज या क्षेत्रात 29 देश आहेत. क्रोएशिया 2023 मध्ये आला. रोमानिया आणि बल्गेरियाच्या विमानतळांवरची तपासणी मार्च 2024 मध्ये गेली आणि जमिनीवरची जानेवारी 2025 मध्ये. दुसरा नकाशा मालाचा, म्हणजे युरोपियन युनियनचा कस्टम्स संघ. तो शेंगेनपेक्षा जुना, 1968 सालचा. दोन्ही नकाशे बहुतांशी एकमेकांवर बसतात, पण पूर्ण नाही. स्वित्झर्लंड, नॉर्वे आणि आइसलंड शेंगेनमध्ये आहेत, पण युरोपियन युनियनच्या कस्टम्स संघात नाहीत. आयर्लंड आणि सायप्रस कस्टम्स संघात आहेत, पण शेंगेनमध्ये नाहीत. ब्रिटन दोन्हींच्या बाहेर.

आता मुंबई–फ्रँकफर्ट–रोम हा प्रवास पावलापावलाने बघू.

फ्रँकफर्टला उतरल्यावर तुम्ही शेंगेनच्या दारात असता. पुढचं रोमचं विमान शेंगेनच्या हिशोबाने देशांतर्गत आहे, त्यामुळे इमिग्रेशन फ्रँकफर्टलाच होणार. तिथला जर्मन अधिकारी तुमचा इटलीने दिलेला व्हिसा बघेल आणि त्यात वावगं काही नाही. ज्या देशात सर्वांत जास्त दिवस राहणार त्या देशाकडून व्हिसा घ्यायचा असतो. आत कोणत्याही शेंगेन देशातून शिरता येतं. रोमला उतरल्यावर तुम्ही मुंबईहून नागपूरला उतरल्यासारखे सरळ चालत बाहेर पडता, एरवी तिथे पासपोर्ट तपासणीची खिडकी लागत नाही.

यातून एक महत्त्वाची गोष्ट निघते आणि तिच्याकडे फार लोकांचं दुर्लक्ष होतं. अधिकारी फ्रँकफर्टला विचारणार, कुठे राहणार, किती दिवस, परतीचं तिकीट कुठे, विमा आहे का. त्या वेळी मोठी बॅग तुमच्याजवळ नसते. म्हणून हॉटेलचं बुकिंग, मुलाने किंवा मुलीने पाठवलेलं निमंत्रणपत्र, किमान 30,000 युरोचा प्रवासविमा आणि परतीचं तिकीट, हे सगळं कागदावर छापून हातातल्या बॅगेत ठेवा. मोबाइलमध्ये असलं तरी छापील प्रत ठेवाच. रात्रभराच्या प्रवासानंतर चार्जिंग संपलेलं असतं आणि विमानतळाचं वायफाय लागेलच असं नाही.

व्हिसाची तारीखही पहिल्या विमानतळावर मोजली जाते. व्हिसा 10 तारखेपासून असेल आणि तुम्ही 9 च्या रात्री उशिरा फ्रँकफर्टला उतरत असाल, तर रोमला 10 ला पोहोचताय याचा उपयोग होत नाही. शेंगेनमध्ये राहण्याचे दिवसही फ्रँकफर्टपासूनच सुरू होतात.

पासपोर्टवरच्या शिक्क्याबद्दल थोडं. 12 ऑक्टोबर 2025 पासून युरोपने प्रवेश-निर्गमन नोंदीची नवी संगणकीय पद्धत टप्प्याटप्प्याने सुरू केली आणि 10 एप्रिल 2026 ही ती सर्वत्र लागू करण्याची तारीख ठरवली. शिक्क्याऐवजी आता चेहऱ्याचा फोटो आणि बोटांचे ठसे घेतले जातात. बारा वर्षांखालच्या मुलांचे ठसे घेत नाहीत, फोटो मात्र घेतात. पहिल्यांदा नोंद करताना वेळ जास्त लागतो. चार जणांचं कुटुंब असेल तर हे धरूनच तिकीट काढा.

बॅगेचा प्रवास

मुंबईला चेक-इन करताना मोठ्या बॅगेला जो लांब टॅग लावतात, त्यावर ठळक तीन अक्षरं असतात. रोमच्या फ्युमिचिनो विमानतळासाठी एफसीओ, फ्रँकफर्टसाठी एफआरए. एफसीओ असेल तर बॅग तुम्हाला थेट रोमला मिळणार, फ्रँकफर्टच्या पट्ट्याकडे बघायचंही नाही. काउंटर सोडण्याआधी ही अक्षरं स्वतःच्या डोळ्यांनी वाचा आणि तोंडाने विचारा, "बॅग कुठपर्यंत टॅग केली?" बॅगेची पावती बोर्डिंग पासच्या मागे चिकटवून देतात. ती घरी पोहोचेपर्यंत जपा.

बॅगेची कस्टम्स तपासणी रोमला होते. ही व्यवस्था युरोपने 1991 मध्ये ठरवली. बाहेरून आलेली आणि युनियनमधल्याच दुसऱ्या विमानात चढवली जाणारी मोठी बॅग शेवटच्या विमानतळावर तपासायची आणि प्रवाशाच्या हातातलं सामान मात्र पहिल्या विमानतळावर. म्हणजे केबिन बॅगेतल्या वस्तूंबद्दल फ्रँकफर्टचा कस्टम्स अधिकारी विचारू शकतो आणि मोठ्या बॅगेबद्दल रोमचा.

रोमच्या पट्ट्यावर तुमच्या बॅगेशेजारी फ्रँकफर्टहून चढलेल्या लोकांच्या बॅगाही फिरत असतात. त्यांच्या टॅगच्या दोन्ही कडांना हिरवी पट्टी असते, कारण त्या युनियनमधल्या विमानतळावर चेक-इन झाल्या आहेत. मुंबईच्या टॅगला ती नसते. त्यावरूनच अधिकाऱ्याला लांबून कळतं की ही बॅग बाहेरून आली. काही विमानतळांवर अशा बॅगा वेगळ्याच पट्ट्यावर येतात. आपल्या विमानाच्या पट्ट्यावर बॅग दिसली नाही तर घाबरून जाण्याआधी तिथल्या माणसाला बॅगेची पावती दाखवून विचारा. बाहेर पडताना अनेक ठिकाणी तीन वाटा असतात. निळी वाट युनियनमधून आलेल्यांसाठी. फ्रँकफर्टच्या विमानातले बाकीचे सगळे निळ्या वाटेने निघाले तरी तुम्ही त्यांच्यामागे जायचं नाही. तुमची वाट हिरवी. आणि जाहीर करण्यासारखं काही असेल तर लाल.

जाहीर करण्यासारखं म्हणजे काय? विमानाने येणाऱ्याला 430 युरोपर्यंतच्या भेटवस्तू आणि इतर सामान करमुक्त आणता येतं. लहान मुलांसाठी ही मर्यादा काही देशांनी 150 युरोवर आणली आहे. स्वतःचे कपडे, वापरातला लॅपटॉप, अंगावरचे नेहमीचे दागिने परत नेणार असाल तर ते यात धरत नाहीत. पण पुतणीच्या लग्नासाठी नवा सोन्याचा हार भेट म्हणून नेत असाल, तर तो 430 युरोच्या कितीतरी वर जातो आणि तो लाल वाटेनेच न्यायचा. 10,000 युरो किंवा त्याहून जास्त रोख रक्कम असेल तर ती जाहीर करावीच लागते.

तूप, आंबे आणि सुके बोंबील

मला सर्वांत जास्त वाईट वाटतं ते खाण्याच्या जिनसा टाकून द्याव्या लागतात त्याचं. म्युनिकच्या किंवा आयंडहोव्हनच्या लेकीसाठी आईने कढवलेलं तूप, सकाळी उठून केलेला खवा, कोकणातून मागवलेली हापूसची पेटी, सगळं प्रेमाने बांधलेलं असतं. नियम आधी माहीत असला तर हे टळतं.

भारतासारख्या बाहेरच्या देशातून मांस आणि दुधाचे पदार्थ प्रवाशाला आणता येत नाहीत. तूप, खवा, पनीर, चीज, श्रीखंड सगळं त्यात आलं. तान्ह्या बाळाची दूध पावडर आणि वैद्यकीय कारणाने लागणारं खास अन्न यांना 2 किलोपर्यंत अटींसह सूट आहे. मध 2 किलोपर्यंत चालतो. मासळीचा नियम बराच सैल आहे, एका माणसामागे 20 किलोपर्यंत. त्यामुळे सुके बोंबील, सोडे, सुकट नेता येतात. फक्त इतकं घट्ट बांधा की वास शेजारच्याच्या बॅगेत जाणार नाही.

ताजी फळं, भाज्या, पानं आणि फुलं यांना 14 डिसेंबर 2019 पासून रोगमुक्तीचं सरकारी प्रमाणपत्र लागतं. ते नसेल तर आंबा नाही, कढीपत्ता नाही, विड्याची पानं नाहीत, पूजेसाठी तुळस नाही. सूट फक्त पाच फळांना: अननस, नारळ, केळी, खजूर आणि ड्युरियन. म्हणजे ओटी भरायला नारळ न्यायला हरकत नाही. आंब्याच्या बाबतीत युरोपची काळजी खरी आहे. फळमाशी सापडल्यामुळे 1 मे 2014 पासून भारतातल्या आंब्यांची आयातच युरोपने थांबवली होती आणि ती 2015 च्या सुरुवातीला पुन्हा उघडली. एका पेटीतल्या अळ्या तिथल्या बागांमध्ये पसरू शकतात, म्हणून एका प्रवाशाच्या चार आंब्यांनाही तोच नियम.

मसाले, मेतकूट, भाजणी, पापड, चहा, शेंगदाण्याची कोरडी चटणी हे बिनधास्त न्या. लोणचंही चालतं, पण ते मोठ्या बॅगेत. कारण फ्रँकफर्टला रोमच्या विमानाकडे जाताना हातातल्या बॅगेची सुरक्षा तपासणी पुन्हा होते आणि लोणचं, चटणी, गुळाचा पाक हे तिथे द्रवात धरतात. 100 मिलीलिटरच्या वरची बाटली काढून घेतली जाऊ शकते. मुंबईला ड्युटी फ्रीमध्ये घेतलेली बाटली सीलबंद पिशवीत, पावती आत दिसेल अशी असेल तरच पुढे जाते. घर येईपर्यंत ती पिशवी फोडू नका.

मध्ये किती वेळ हवा

फ्रँकफर्टला विमान बदलायला 45 मिनिटं पुरतात असं विमान कंपन्या धरतात आणि तशी तिकिटं विकतात. कागदावर ते जमतं. पण मुंबईहून आलेल्या माणसाला उतरल्यावर पासपोर्टची रांग, सुरक्षा तपासणीची रांग आणि मग भलं लांब चालणं, अशी तीन कामं असतात. सकाळी आशिया आणि अमेरिकेची विमानं एकामागून एक उतरतात आणि रांगा फुगतात. माझं मत विचाराल तर अडीच तासांच्या आत जाऊ नका. सोबत ज्येष्ठ माणूस असेल तर तीन.

विमानतळांची रचनाही या दोन भागांवर बेतलेली असते. फ्रँकफर्टच्या टर्मिनल 1 मध्ये ए गेट शेंगेनची आणि त्यांच्या बरोबर वरच्या मजल्यावर झेड गेट बाहेरच्या देशांची. ॲमस्टरडॅमच्या स्किपोलला डी गेटच्या एकाच लांबलचक इमारतीत दोन मजले आहेत. 57 पर्यंतचे आकडे बाहेरच्या देशांचे, 59 पासूनचे शेंगेनचे. गेट समोर दिसतं आणि तरी पोहोचता येत नाही, कारण मध्ये पासपोर्टची खिडकी आहे. पॅरिसला मुंबईचं विमान साधारणपणे टर्मिनल टू-ईला उतरतं आणि शेंगेनमधलं पुढचं विमान बहुधा टू-एफमधून सुटतं. झुरिकला मुंबईहून आलेल्यांना ई गेटवरून मुख्य इमारतीत यायला जमिनीखालची छोटी गाडी घ्यावी लागते. म्हणून उतरल्याबरोबर आधी फलकावर गेट बघा, मग पासपोर्ट तपासणीकडे चला. बाथरूम आणि कॉफी त्यानंतर.

आई-बाबा एकटे येणार असतील तर तिकीट काढतानाच, निदान 48 तास आधी, व्हीलचेअर मागवा. चालता येत असलं तरी लांब अंतर झेपत नसेल तर मागायला संकोच करू नका. युरोपात ही मदत 2006 च्या कायद्याने मोफत आहे. मदतनीस त्यांना पासपोर्टच्या खिडकीपर्यंत आणि पुढच्या गेटपर्यंत घेऊन जातो. भाषेची, गेट शोधायची, रांगेची सगळी धास्ती यातच मिटते.

मार्ग बदलला की उत्तर बदलतं

झुरिकमार्गे रोमला गेलात तर पासपोर्ट झुरिकला, कारण स्वित्झर्लंड शेंगेनमध्ये आहे. कस्टम्स मात्र सगळंच रोमला, हातातल्या बॅगेचंही, कारण युनियनचं पहिलं दार तिथे लागतं. झुरिकलाच मुक्काम असेल तर स्विस नियम लागतात आणि तिथे करमुक्त मर्यादा 2025 पासून 150 फ्रँक इतकी कमी झाली आहे. नॉर्वेत ओस्लोहून पुढे बर्गनला देशांतर्गत विमानाने जायचं तर काही ठरावीक मार्ग सोडता ओस्लोलाच बॅग घ्यावी लागते. युरोपच्या सर्वसाधारण नियमाला हा ठळक अपवाद.

फ्रँकफर्टमार्गे डब्लिनला जाताना फ्रँकफर्टला इमिग्रेशन करायचंच नाही. बाहेरच्या देशांच्या भागातच राहून पुढच्या विमानात बसायचं. पासपोर्ट डब्लिनला आणि मोठ्या बॅगेचं कस्टम्सही तिथेच. लंडनमार्गे पॅरिसला जाताना एक मोठी अडचण आहे. सध्याच्या नियमाप्रमाणे भारतीय पासपोर्टवर हीथ्रोच्या आत नुसतं विमान बदलायलाही ब्रिटनचा ट्रान्झिट व्हिसा लागतो आणि पर्यटनाचा शेंगेन व्हिसा असल्याने त्यातून सूट मिळत नाही. अमेरिका किंवा कॅनडाचा चालू व्हिसा असेल तर सूट मिळू शकते. युरोपातले काही देशही भारतीयांकडे विमानतळाचा ट्रान्झिट व्हिसा मागत आले आहेत. ही यादी बदलत असते, तेव्हा तिकिटाचे पैसे भरण्याआधी त्या देशाच्या दूतावासाचं संकेतस्थळ बघा.

अमेरिकेला शिकायला निघालेल्या मुलांसाठी हे मुद्दाम सांगतो. स्वस्त मिळतं म्हणून मुंबई–म्युनिक–लिस्बन–बॉस्टन असं तिकीट घेतलंत, तर म्युनिक ते लिस्बन हा शेंगेनमधला देशांतर्गत प्रवास आहे. तो करायला शेंगेनमध्ये शिरावं लागतं, म्हणजे पूर्ण शेंगेन व्हिसा हवा. अमेरिकेचा व्हिसा इथे कामाचा नाही. मुंबईच्या काउंटरवरच विमानात बसू देत नाहीत. वाटेत दोन शेंगेन विमानतळ दिसले की तिकीट घेऊ नका.

दोन वेगवेगळी तिकिटं जोडून प्रवास करणाऱ्यांचंही तसंच. मुंबई–पॅरिस एका तिकिटावर आणि पॅरिस–नेपल्स दुसऱ्या स्वस्त कंपनीचं, तर बॅग बहुतेक वेळा पॅरिसलाच घ्यावी लागते, कस्टम्समधून बाहेर पडून पुन्हा चेक-इन करावं लागतं आणि पहिलं विमान उशिरा आलं तर दुसऱ्या कंपनीवर कसलीही जबाबदारी नसते. एकाच तिकिटावर असाल तर पुढच्या विमानात जागा देणं कंपनीचं काम. शिवाय युरोपच्या 2004 च्या 261 क्रमांकाच्या नियमानुसार, कंपनीच्या कारणाने मुक्कामी तीन तास किंवा जास्त उशीर झाला तर लांबच्या प्रवासाला 600 युरोपर्यंत भरपाई मागता येते. भारतातून जाताना हा नियम युरोपियन कंपनीने चालवलेल्या विमानालाच लागू आहे. युरोपातून निघताना मात्र कोणत्याही कंपनीला.

परतताना सगळं उलटं

रोम–फ्रँकफर्ट–मुंबई येताना शेंगेनमधून बाहेर पडल्याची नोंद फ्रँकफर्टला होते. कस्टम्स पुन्हा दोन ठिकाणी विभागतं आणि ते करपरताव्यासाठी फार महत्त्वाचं आहे. इटलीत एका दुकानात 70 युरोच्या वर खरेदी केली आणि दुकानाकडून टॅक्स फ्री फॉर्म घेतला, तर कर परत मिळवण्यासाठी कस्टम्सची मंजुरी लागते. खरेदीची वस्तू मोठ्या बॅगेत मुंबईपर्यंत टॅग होणार असेल, तर मंजुरी रोमलाच, बॅग देण्याआधी. वस्तू हातात असेल तर फ्रँकफर्टला. झुरिकमार्गे परतत असाल तर हातातल्या वस्तूचीही मंजुरी रोमलाच घ्या, कारण झुरिकला युनियनचं कस्टम्स नाही.

आणि बॅग आलीच नाही तर? कमी वेळाच्या कनेक्शनमध्ये असं घडतं. पट्ट्याच्या हॉलमधून बाहेर पडण्याआधीच तिथल्या काउंटरवर तक्रार नोंदवा आणि तिचा क्रमांक लिहून घ्या. बॅगेचं कस्टम्स शेवटच्या विमानतळावर असल्याने मागून आलेली बॅगही तिथेच तपासली जाते, म्हणून आत काय आहे ते विचारतील. सामानाचा फोटो आधी काढलेला असेल तर सांगणं सोपं जातं. दरम्यान लागणारे कपडे आणि औषधं घ्या, पावत्या ठेवा. मोन्ट्रियल कराराप्रमाणे बॅग खराब होऊन आली तर 7 दिवसांत आणि उशिरा आली तर ती मिळाल्यापासून 21 दिवसांत कंपनीला लेखी कळवावं लागतं. रोजच्या गोळ्या मात्र मोठ्या बॅगेत कधीच टाकू नका. त्या आणि डॉक्टरांची चिठ्ठी हातातल्या बॅगेत, पासपोर्टच्याच कप्प्यात.